पाठदुखी, गोळी आणि आपली मंडळी

बर्नाबीत चार मराठी माणसे भेटली की हवामानानंतरचा दुसरा विषय म्हणजे दुखणी. कोणाची पाठ, कोणाचा गुडघा, कोणाचा आखडलेला खांदा. नोव्हेंबरात पावसाची झड सुरू झाली की या गप्पांना विशेष रंग चढतो. दुखणे ही आपल्याकडे खुशाल सांगायची गोष्ट आहे. सांगितले की सहानुभूती मिळते, कोणी निर्गुडीच्या तेलाची बाटली आणून देते, कोणी आपल्या फिजिओथेरपिस्टचा फोन नंबर देते. व्यसनाचे मात्र तसे नाही. तो विषय निघाला की लगेच आवाज खाली जातो, आणि बहुतेक वेळा ‘आपल्यात तसलं काही नसतं हो’ या वाक्यावर संपतो.

आपल्यात ‘तसलं’ असतं. आणि ज्याला ते होतं त्याला पाठदुखीही होते, दाढही काढावी लागते, गुडघाही बदलावा लागतो. व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसाला कायमचे दुखणे असले तर त्याने काय करायचे, हा प्रश्न मराठी घरांत कोणी मोठ्याने विचारत नाही. म्हणून तो या अंकात विचारावा असे आम्ही ठरवले. आधीच सांगतो, आम्ही डॉक्टर नाही. मास्टर्स करायला परदेशी आलो आणि नोकरीच्या निमित्ताने इथेच रुजलो, असे इंजिनिअर आहोत. पण जवळच्या एका कुटुंबाबरोबर गेली काही वर्षे हा प्रवास पाहतो आहोत, आणि त्या निमित्ताने बरेच वाचले, विचारले, ऐकले. त्या कुटुंबाने ‘नाव घालू नका, बाकी सगळं लिहा’ असे सांगितले आहे. कोणाला औषधात काही फेरफार करावासा वाटला तर तो आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावा, ही विनंती.

आपण राहतो तो प्रांत कोणता, हे आधी पाहू. १४ एप्रिल २०१६ रोजी ब्रिटिश कोलंबियाने अमली पदार्थांच्या अतिमात्रेने होणाऱ्या मृत्यूंपायी सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी जाहीर केली. पुढे २०२३ या एका वर्षात अडीच हजारांहून जास्त माणसे गेली. त्यानंतर आकडा उतरू लागला, पण ज्या घरातले माणूस गेले त्यांना त्या उतरत्या आलेखाचे काय! हे वाचताना आपल्या डोळ्यांसमोर व्हँकुवरची ईस्ट हेस्टिंग्ज स्ट्रीट येते, तंबू आणि ढकलगाड्या येतात. पण प्रांताच्या कॉरोनर खात्याने २०१८ साली २०१६ आणि २०१७ मधल्या मृत्यूंचा जो अहवाल काढला, त्यात वेगळेच चित्र आहे. गेलेल्यांपैकी पाचात दोघांहून अधिक जण नोकरीधंद्यात होते, आणि त्यांतले निम्म्याहून जास्त बांधकाम, कारागिरी, वाहतूक अशा अंगमेहनतीच्या कामांत. बहुसंख्य लोक मृत्यूच्या आधीच्या वर्षात कुठल्या ना कुठल्या दवाखान्याची पायरी चढले होते, आणि त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिक जणांची तक्रार दुखण्याची होती. बहुतेक जण नशा करताना एकटे होते.

म्हणजे हा पाठदुखीचाही अहवाल आहे. आम्हाला तो तसाच वाटला.

आता आमच्या स्नेह्यांची हकीकत. मूळचे सांगलीकडचे. शिक्षण मेकॅनिकलचे, इथे एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचे काम. मितभाषी, गणपतीत मखर उभारायला सगळ्यांत आधी हजर. २०११ च्या शरदात घराच्या गटारीतली पाने काढताना शिडीवरून पडले आणि कमरेतली चकती सरकली. (मेपलची पाने फोटोत फार सुंदर दिसतात. गटारीत तुंबली की त्यांचे खरे रूप कळते.) डॉक्टरांनी ऑक्सिकोडोनच्या गोळ्या दिल्या. त्या काळात ते अगदी सर्रास होते. ‘ऑक्सिकाँटिन’ ही लांब पल्ल्याची गोळी १९९६ मध्ये बाजारात आली, तेव्हा दुखणाऱ्या माणसाला व्यसन क्वचितच लागते असा प्रचार कंपनीने केला होता. २००७ मध्ये अमेरिकेत त्या कंपनीने दिशाभूल केल्याचा गुन्हा कबूल केला. २०२२ मध्ये आपल्या प्रांताच्या पुढाकाराने झालेल्या तडजोडीत कंपनीच्या कॅनडातल्या शाखेने पंधरा कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. पण २०११ साली कमरेत कळ घेऊन बसलेल्या माणसाला हे कोण सांगणार?

पहिले दोन महिने गोळीने खरोखर आराम पडला. मग दोनच्या तीन, तीनच्या पाच झाल्या. जोडीला संध्याकाळची व्हिस्की. पार्टीत मित्रच म्हणायचे, ‘घ्या हो एक, पाठ मोकळी होईल.’ दोन-अडीच वर्षांनी डॉक्टर निवृत्त झाले. नव्या डॉक्टरांनी जुनी मात्रा पाहून एकदम हात आखडता घेतला. तिथून पुढची गोळी कामावरच्या ओळखीच्या माणसाकडून येऊ लागली. २०१५ च्या सुमारास रस्त्यावर ‘ऑक्सी’ म्हणून विकली जाणारी हिरवी गोळी बहुतेक वेळा फेंटानिल घातलेली नकली असे. फेंटानिल मॉर्फिनच्या पन्नास ते शंभरपट तीव्र. मिठाच्या चार कणांएवढी चूक जीव घेते. वहिनींनी एका रात्री त्यांना न्हाणीघरात निळे पडलेले पाहिले. अँब्युलन्स सात मिनिटांत आली म्हणून हा लेख वेगळा लिहावा लागत नाही.

इथे थोडे शास्त्र सांगणे भाग आहे, कारण ते कळले की ‘मनाचा दुबळेपणा’ हे शब्द गळून पडतात.

दुखणे तीन महिन्यांहून जास्त टिकले की त्याला डॉक्टर दीर्घकालीन म्हणतात. कॅनडात पाचांतला एक माणूस असे दुखणे घेऊन जगतो. ताजी जखम आणि हे दुखणे यांत फरक आहे. ताज्या दुखण्यात शरीर सांगत असते की इथे इजा झाली आहे. जुन्या दुखण्यात इजा बरीच भरून आलेली असते, पण संदेश वाहणाऱ्या मज्जातंतूंची आणि मेंदूची संवेदनशीलता वाढून बसलेली असते. मेट्रोटाउनच्या उंच इमारतींत राहणाऱ्यांना हे चटकन समजेल. कोणाच्या तरी स्वयंपाकघरात फोडणी करपते आणि तिसाव्या मजल्यापर्यंतचे लोक भोंग्याने दचकून जिने उतरतात. आग नसते, पण भोंगा खराच वाजत असतो. म्हणून ‘एमआरआयमध्ये काही विशेष नाही’ याचा अर्थ ‘तुम्हाला दुखत नाही’ असा होत नाही.

मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठाचे रोनाल्ड मेलझॅक आणि त्यांचे सहकारी पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडले की पाठीच्या कण्यात जणू एक फाटक असते आणि दुखण्याचा संदेश मेंदूकडे किती जाऊ द्यायचा हे तिथे ठरते. स्पर्श, शेक, चोळणे यांनी ते फाटक काहीसे मिटते. वरून मेंदूही ते उघडझाप करू शकतो. भीती, जागरण, एकटेपणा यांनी दुखणे वाढते, झोप आणि सोबत यांनी कमी होते, ते यामुळे. पुढच्या संशोधनाने तपशील बरेच बदलले, पण मूळ विचार टिकला. कंट्रोल सिस्टिम्सचा अभ्यास केलेल्या आमच्यासारख्यांना तो वाचून फार बरे वाटले, कारण ज्या यंत्रणेला फाटक आहे तिच्यावर बाहेरून काही उपाय करता येतो.

अफूच्या कुळातली औषधे याच यंत्रणेवर काम करतात. शरीर स्वतःही तशी द्रव्ये बनवते. बाहेरून रोज मिळू लागली की शरीर आपले दुकान आवरते आणि तीच मात्रा अपुरी पडू लागते. त्याहून विचित्र म्हणजे काही लोकांत या औषधांमुळेच दुखण्याची संवेदना तीव्र होते. गोळीचा अंमल उतरताना अंग मोडून येते, हाडे ठणकतात, आणि माणसाला वाटते पाठच दुखते आहे. मग पुन्हा गोळी. आमचे स्नेही म्हणतात, ‘शेवटच्या वर्षी मी पाठीसाठी गोळी घेत नव्हतो, गोळीसाठी पाठ दुखत होती.’

बरे, एवढे करून या गोळ्या जुन्या दुखण्यावर फार गुणकारी असत्या तर गोष्ट वेगळी होती. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या २४० माजी सैनिकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पाठ, कंबर, गुडघा यांचे जुने दुखणे असलेले लोक. निम्म्यांना अफूवर्गीय औषधे, निम्म्यांना पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेनसारखी साधी. वर्षभरानंतर हिंडण्याफिरण्यात दोन्ही गटांत फरक नाही, आणि दुखण्याच्या तीव्रतेत साध्या औषधांचा गटच किंचित बरा. कॅनडाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: आधी बाकीचे उपाय पूर्ण करा, आणि पूर्वी व्यसन असलेल्यांना शक्यतो या औषधांच्या वाटेला नेऊ नका.

मात्र याची दुसरी बाजूही आहे. दुखण्याकडे दुर्लक्ष केले तर तेच माणसाला परत व्यसनाकडे ढकलते. ‘तू पूर्वी व्यसनी होतास, आता सहन कर’ हे कोणी तोंडाने म्हणत नसले तरी वागण्यातून म्हणतात. आमच्या स्नेह्यांना एका वॉक-इन क्लिनिकमध्ये हा अनुभव आला. पूर्वेतिहास सांगेपर्यंत डॉक्टर पाठ तपासत होते, सांगितल्यावर खुर्ची मागे सरकली. इथल्या डॉक्टरांच्या नियामक संस्थेने २०१६ मध्ये कडक नियम केले, त्याचा परिणाम म्हणून कित्येक जुन्या रुग्णांची औषधे तडकाफडकी तोडली गेल्याच्या तक्रारी झाल्या, आणि २०१८ मध्ये नियम सुधारावे लागले. आपल्या भारतात तर याहून मोठा विरोधाभास होता. कायदेशीर अफू पिकवणारा देश, पण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातल्या परवान्यांच्या जंजाळात कर्करोगाच्या रुग्णाला मॉर्फिन मिळणे मुश्किल. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा कुठे वाट थोडी मोकळी झाली. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसाला गोळी नाकारणे आणि जुन्या पाठदुखीला गोळी लावून देणे, या दोन्ही चुका एकाच काळात, कधी एकाच गावात होऊ शकतात.

२०१६ च्या उन्हाळ्यात आमच्या स्नेह्यांवर उपचार सुरू झाले ते ब्युप्रेनॉर्फिन आणि नॅलॉक्सोन यांच्या मिश्र गोळीने. जिभेखाली ठेवायची. ब्युप्रेनॉर्फिन हेही अफूच्या कुळातलेच, पण अर्धवट काम करणारे: तलफ आणि अंगमोड थांबवते, ठराविक पातळीपुढे परिणाम फारसा वाढत नाही. मेथाडोन हे दुसरे, जुने औषध. दोन्हींचा एक फायदा कायम दुखणाऱ्यांना फारसा सांगितला जात नाही. तलफ आवरण्याचे काम एका मात्रेत चोवीस तास चालते, पण दुखणे कमी करण्याचा परिणाम साधारण सहा ते आठ तासच राहतो. म्हणून दिवसाची तीच मात्रा तीन-चार वेळा विभागून दिली तर दुखण्यावरही उपयोग होतो. आमच्या स्नेह्यांना ही गोष्ट दुसऱ्या वर्षी एका चाणाक्ष नर्सने सुचवली आणि डॉक्टरांनी मान्य केली. सकाळ, दुपार, रात्र. गोळ्या तेवढ्याच, पण दुपारी दोननंतरचा ठणका पुष्कळ खाली आला.

तरी एका बैठकीत त्यांना ऐकून घ्यावे लागलेच: ‘तुम्ही अजून औषधावर आहात, म्हणजे खरे व्यसनमुक्त नाहीच.’ घरी येऊन त्यांनी गोळी बंद करण्याचा विचार बोलून दाखवला. वहिनी म्हणाल्या, ‘अहो, माझी थायरॉइडची गोळी बंद करायला सांगितली का कोणी?’ पुढे त्यांनी शोधून काढले की अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्याच पुस्तिकेत सदस्यांनी एकमेकांचे डॉक्टर होऊ नये असे बजावलेले आहे. १९३५ साली ही संघटना सुरू करणाऱ्या दोघांपैकी एक स्वतः शल्यविशारद होता, हे इथे आठवते. दुसऱ्या बैठकीत त्यांना समजून घेणारी माणसे भेटली. आज ते त्याच गटात जातात, गोळीही घेतात.

या सगळ्या काळात आमच्या बोलण्यात वारंवार मुक्तांगणचा विषय येई. पुण्याशी संबंध असलेल्या वाचकांना हे नाव नवे नाही. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलेले लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले, त्यांनी मदत देऊ केली, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू झाले. ते उभे केले डॉ. अनिता अवचट यांनी. व्यसनी माणसाला आधी माणूस म्हणून वागवायचे, बऱ्या झालेल्यांनाच कार्यकर्ते करायचे, ही पद्धत त्यांची. स्वतःला कर्करोग झाल्यावरही त्यांनी काम सोडले नाही. १९९७ मध्ये त्या गेल्या. अनिल अवचट २०२२ मध्ये गेले. आता त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर हे काम पाहतात. पस्तीस दिवसांचा निवासी उपचार, मग गावोगावच्या पाठपुरावा बैठका. आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो ‘सहचरी’ हा व्यसनींच्या पत्नींचा गट. कारण आपल्या घरांत व्यसन एकाला लागते आणि लपवण्याचे काम दुसरीला लागते. वहिनी सांगतात, ‘पाच वर्षं मी सगळ्यांना यांची पाठ दुखतेय एवढंच सांगत होते. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.’ इथे त्या अल-अ‍ॅनॉनच्या बैठकांना जाऊ लागल्या. पहिल्या दिवशी गाडी दोन चौक पलीकडे लावली होती, कोणी ओळखीचे पाहू नये म्हणून.

आता दुखण्याचे रोजचे व्यवस्थापन. इथे कोणी चमत्काराची अपेक्षा करू नये. यातला एकही उपाय दुखणे शून्यावर आणत नाही. दहापैकी सात असलेले पाचावर आले तर वैद्यकात तेही मोठे यश मानतात, आणि सात आणि पाच यांतला फरक म्हणजे पायमोजे स्वतः घालता येणे. स्नेह्यांच्या बाबतीत ड्युलॉक्सेटीन या औषधाने थोडा उपयोग झाला. मूळचे ते उदासीनतेवरचे, पण जुन्या पाठदुखीवरही देतात. मलम, शेक, फिजिओथेरपी हे आलेच. गॅबापेंटिन आणि प्रिगाबॅलिन ही औषधे निरुपद्रवी समजून दिली जातात, पण त्यांचीही सवय लागू शकते आणि अफूवर्गीय औषधांबरोबर श्वास मंदावण्याचा धोका असतो, म्हणून त्यांनी ती टाळली. आयबुप्रोफेनच्या वर्गातल्या गोळ्या जठराला आणि मूत्रपिंडाला त्रास देतात. पॅरासिटामॉल, म्हणजे इथले टायलेनॉल, दारूने यकृत थकलेल्या माणसाने किती घ्यावे हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

सर्वांत जास्त उपयोग झाला तो मात्र कामाची लय बदलण्याचा. बरे वाटले त्या दिवशी सगळे गवत कापायचे, गराज आवरायचे, आणि पुढचे तीन दिवस आडवे पडायचे, असा आपला सर्वांचा खाक्या. फिजिओथेरपिस्टने सांगितले, दुखेपर्यंत चालायचे नाही, घड्याळाप्रमाणे चालायचे. सुरुवात डियर लेकच्या काठी बारा मिनिटांनी. बरे वाटले तरी बाराच, वाईट वाटले तरी बाराच. दर आठवड्याला एक-दोन मिनिटे वाढ. आम्हाला हे फार गणिती वाटले, पण स्नेह्यांनी त्याचा बरोबर मराठी अर्थ लावला. लहानपणी आजीबरोबर ते वारीला गेले होते. ‘माउलींची पालखी दमल्यावर थांबत नाही,’ ते म्हणाले, ‘ठरल्या जागी थांबते. विसावा ठरलेला, मुक्काम ठरलेला. म्हणून तर सत्तरीच्या म्हाताऱ्या आळंदीहून पंढरपूरपर्यंत पोचतात.’ आज ते तळ्याची पूर्ण फेरी मारतात, आणि दोन बाकांवर, दमले नसले तरी, बसतात.

ध्यानाचेही तसेच. अमेरिकेत जॉन कॅबट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विद्यापीठ रुग्णालयात दुखण्याने गांजलेल्या रुग्णांना श्वासाकडे आणि शरीराकडे लक्ष द्यायला शिकवणारा वर्ग सुरू केला. आपले लोक आता शेकडो डॉलर भरून तो इथे करतात. नाशिकजवळ इगतपुरीला १९७६ पासून विपश्यनेची शिबिरे चालू आहेत आणि ती मोफत असतात, हे सांगितले की मंडळी गप्प होतात. असो. तीव्र दुखणे असणाऱ्याने दहा दिवस मांडी घालून बसण्याचा आग्रह धरू नये, खुर्ची चालते.

एक गोष्ट खास आपल्या मंडळींसाठी लिहायलाच हवी. ती म्हणजे आपली सूटकेस. मुंबईहून परतताना तीत औषधांची एक पिशवी असतेच. ‘साधं पेनकिलर आहे’ म्हणून आणलेल्या पाकिटात पुष्कळदा ट्रॅमाडॉल असते. तेही अफूवर्गीयच काम करते. भारतात २०१८ मध्ये आणि कॅनडात २०२२ मध्ये त्यावर कडक बंधने आली. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असते. इथल्या ‘टायलेनॉल वन’ मध्येही ते आठ मिलिग्रॅम असते. आणि आयुर्वेदातली आसवे, अरिष्टे! दशमूलारिष्ट, द्राक्षासव ही औषधे आंबवूनच बनतात, त्यांत मद्यार्क आपोआप तयार होतो, तो बाटलीवर छापलेलाही असतो. दारू सोडलेल्या माणसाला सांधेदुखीवर प्रेमाने दिलेला हा चमचा महागात पडू शकतो. त्यातून तो डायसल्फिराम घेत असेल तर उलट्या, धडधड होऊन इस्पितळ गाठावे लागेल. नॅलट्रेक्सोन घेणाऱ्यांचे आणखी वेगळे. ते औषध अफूवर्गीय वेदनाशामकांची वाटच अडवते, त्यामुळे शस्त्रक्रियेच्या वेळी नेहमीचे इंजेक्शन काम करत नाही. ही माहिती भूल देणाऱ्या डॉक्टरला आधी, पुष्कळ आधी मिळायला हवी. उलट बाजूने, ब्युप्रेनॉर्फिन घेणारा भारतात जात असेल तर औषध मूळ डब्यात, प्रिस्क्रिप्शन आणि डॉक्टरांच्या पत्रासह न्यावे, आणि नियम वकिलातीकडे आधी विचारून घ्यावा.

२०२३ मध्ये स्नेह्यांचा डावा गुडघा बदलायचा ठरला, आणि घरात सात वर्षांपूर्वीची भीती परत आली. गुडघ्याची शस्त्रक्रिया ही चांगलीच दुखरी. पॅरासिटामॉलवर निभावणे अशक्य. पहिला विचार त्यांचा असा की कोणाला काही सांगायचे नाही, ‘सहन करीन’. वहिनींनी तो मोडून काढला. शिवाय सांगण्या-न सांगण्याचा प्रश्न इथे तसाही नसतो; या प्रांतात १९९५ पासून सगळ्या औषधदुकानांना जोडणारे फार्मानेट आहे, आणि कोणाला कोणती गोळी कधी दिली हे त्यात दिसते. मग त्यांनी काय केले ते आम्ही जवळून पाहिले.

शस्त्रक्रियेच्या सहा आठवडे आधी व्यसनोपचाराच्या डॉक्टरांनी सर्जनला आणि भूलतज्ज्ञाला पत्र लिहिले. ब्युप्रेनॉर्फिन बंद करायचे नाही, चालूच ठेवायचे, असे ठरले. पूर्वी ते आधी बंद करत. त्यात दुखणेही वाढे आणि व्यसन उलटण्याचा धोकाही, म्हणून आता सहसा तसे करत नाहीत. कमरेखालची भूल आणि मांडीतल्या मज्जातंतूला बधिर करणारे इंजेक्शन, बर्फ, पॅरासिटामॉल ठरल्या वेळी. या सगळ्यावर जास्तीचे तीव्र औषध लागेल, ते मोजून पाच दिवस. घरी आल्यावर ते औषध औषधदुकानातून रोज त्या दिवसापुरतेच आणायचे. ते वहिनींच्या ताब्यात, कुलपाच्या लोखंडी डब्यात. डबा पूर्वी भिशीच्या पैशांचा होता. किल्ली वहिनींच्या गळ्यातल्या साखळीत. आधाराच्या गटातल्या मित्राने सकाळ-संध्याकाळ फोन करायचा, आणि ‘किती दुखतंय’ याबरोबरच ‘किती हवीशी वाटतेय’ हेही विचारायचे. मित्राने विचारलेले चालते, बायकोने विचारले की भांडण होते, हे वहिनींचे निरीक्षण.

तिसऱ्या रात्री कठीण गेले. दोन वाजता त्यांनी किल्ली मागितली. वहिनींनी ‘नाही’ म्हटले नाही. त्यांनी मित्राला फोन लावून हातात दिला आणि बर्फाची पिशवी बदलली. मित्र पाऊण तास बोलला, बहुतेक हॉकीवर. साडेतीनला त्यांना झोप लागली. चौथ्या दिवशी मात्रा अर्धी झाली. सहाव्या दिवशी उरलेल्या दोन गोळ्या औषधदुकानात परत दिल्या. जुनी औषधे तिथे विनामूल्य परत घेतात, हे आपल्यापैकी पुष्कळांना माहीत नसते. आपापल्या न्हाणीघरातली कपाटे एकदा उघडून पाहावीत. दातांच्या डॉक्टरांनी दिलेल्या जुन्या गोळ्या कित्येक घरांत पडून असतात आणि घरात तरुण मुले असतात.

ज्यांना मदत हवी त्यांच्यासाठी: ८११ या नंबरावर चोवीस तास नर्स भेटते आणि दुभाषाही मागता येतो. दुखण्यासंबंधी माहिती आणि आधार देण्याचे काम ‘पेन बीसी’ ही संस्था करते. सरेला फ्रेझर हेल्थचे रोशनी क्लिनिक खास दक्षिण आशियाई कुटुंबांसाठी आहे; तिथे पंजाबी, हिंदी बोलणारे समुपदेशक असतात. हिंदी आपल्याला येतेच, आणि तिथल्या बायका वहिनींना म्हणे पहिल्याच दिवशी म्हणाल्या की आमच्याकडेही सगळे ‘पाठ दुखतेय’ असेच सांगतात. नॅलॉक्सोनची पेटी, म्हणजे अतिमात्रेने थांबलेला श्वास परत आणणारे औषध, २०१२ पासून या प्रांतात वाटली जाते आणि बहुतेक औषधदुकानांत फुकट मिळते. गेल्या गणपतीत मंडळाच्या प्रथमोपचाराच्या खोक्यात ती ठेवावी असे आम्ही सुचवले, तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, ‘हे इथे कशाला? लोक काय म्हणतील?’ उत्तर द्यायला स्नेही स्वतः उभे राहिले. फार बोलले नाहीत. ‘माझ्यासाठी,’ एवढेच म्हणाले, आणि मखराच्या दिव्यांची वायर सोडवायला परत खाली बसले. पेटी आता खोक्यात आहे, बँडेजच्या शेजारी. तिच्यावरची मुदतीची तारीख वहिनी बघतात.

उजव्या गुडघ्याची तारीख अजून मिळायची आहे. इथली प्रतीक्षायादी आपल्याला ठाऊकच आहे. लोखंडी डबा सध्या परत भिशीसाठी वापरात आहे.